निम्म्या हंड्यांचा किल्ला

फार जुनी गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते मी सांगणार नाही. सांगितलं तरी तुम्ही मनात निम्मीच धराल. का, ते पुढे कळेलच.

एका उंच डोंगरावर किल्ला होता. गडावर ना विहीर, ना झरा. खडकात खोदलेलं एकच मोठं टाकं. त्यात पावसाचं पाणी साठायचं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत सगळ्यांनी त्यावरच जगायचं. टाक्याच्या दाराला कुलूप होतं. आत एक खुणांची काठी होती. ती बुडवली की जितक्या खुणा ओल्या, तितक्या दिवसांचं पाणी. किल्ली किल्लेदाराच्या कमरेला. दुसऱ्या कुणी ती काठी पाहिलीसुद्धा नव्हती.

किल्लेदार वाईट नव्हता, पण भारी संशयी. माणसं गरजेच्या दुप्पट मागतात, अशी त्याची खात्री. म्हणून कुणी काहीही मागो, तो निम्मंच द्यायचा. पागेवाल्याच्या हे दोन दिवसांत लक्षात आलं. घोड्यांना आठ हंडे लागायचे, तो सोळा मागू लागला. त्याचं बघून आचारीही शिकला. मग किल्लेदार म्हणायचा, "बघा, मी म्हणत नव्हतो, सगळे लबाड आहेत?" आता लबाडी आधी की संशय आधी, ते तुम्हीच ठरवा. मी त्या भांडणात पडत नाही.

टाक्यात किती पाणी आहे, तेही तो लोकांना निम्मंच सांगायचा. खरं कळलं तर उधळतील म्हणे! साठ दिवसांचं असलं की तीस सांगायचा. तीस दिवस उलटायचे आणि पाणी काही संपायचं नाही. लोक काय दुधखुळे होते? तेही त्याचा आकडा ऐकून मनात दुप्पट करायला लागले.

अख्ख्या गडावर एकच बाई खरं सांगायची, ती म्हणजे म्हातारी सुईण. बाळंतिणींच्या खोलीला सहा हंडे लागत, ती सहाच मागायची. मिळायचे तीन. स्वतःच्या वाट्याचं पाणी घालून ती कसंबसं निभवायची.

पागेवाला तिला म्हणायचा, "आजी, बारा सांग की. तुझं काय जातं?"

"आज बारा सांगितले, तर उद्या खरंच बारा लागले की काय सांगू?" ती विचारायची.

एका उन्हाळ्यात टाक्याच्या तळाला चीर गेली. सकाळी किल्लेदाराने काठी बुडवली, तर वीसच खुणा ओल्या. पाऊस महिनाभर लांब. चीर बुजवली, पण गेलेलं पाणी गेलं. किल्लेदाराने सगळ्यांना गोळा केलं आणि पहिल्यांदाच खरा आकडा सांगितला.

"वीस दिवसांचं पाणी उरलंय. आजपासून निम्म्यात भागवा."

"वीस म्हणजे चाळीस," आचारी पुटपुटला.

"याची जुनी खोड," पागेवाला म्हणाला. दोघांनी आपली मागणी आणखी दुप्पट केली. किल्लेदाराने सगळ्यांना मागणीच्या पाव भाग पाणी दिलं. म्हणजे त्या दोघांना आधी मिळायचं तेवढंच मिळालं. सुईणीने नेहमीसारखे सहाच मागितले. तिलाही पावच मिळालं, दीड हंडा.

असे दहा दिवस गेले. दहाव्या दिवशी सुईण किल्लेदाराच्या दारात येऊन उभी राहिली. त्याची स्वतःची लेक नुकतीच बाळंत होऊन तिच्याच खोलीत होती.

"लेका, तुला या हातांनीच जगात आणलंय, म्हणून बोलते. तुझी पोर तापाने फणफणलीय. दीड हंड्यात तिला पाजू, की तुझ्या नातवाला पुसू?"

किल्लेदाराचा चेहरा उतरला. "आजी, मग जास्त का नाही मागितलंत?"

"जेवढं लागतं तेवढंच मागितलं. खरं सांगणाऱ्यालाच तू कापलंस."

"मला वाटलं, तुम्हीही इतरांसारख्याच."

"वाटणारच. तू तरी कधी खरं सांगितलंस? ते कुलूप काढ, काठी बाहेर आण. ज्याला शंका असेल त्याने स्वतः बुडवावी."

त्याने आधी सहा हंडे तिच्याकडे पाठवले. मग टाक्याचं दार सताड उघडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मी वर्षानुवर्षं तुम्हाला निम्मंच सांगत आलो. चुकलो."

लोकांना यातही डाव दिसला. पागेवाल्याने काठी पुसून कोरडी केली आणि तीनदा बुडवली. मग उलटी धरून पाहिली, कुठे पोकळ तर नाही ना! तिन्ही वेळा दहाच खुणा ओल्या. पावसाला अजून वीस दिवस होते. पागेवाल्याने काठी दाराला टेकवली.

"मला आठच हंडे लागतात," तो हळूच म्हणाला. "इतकी वर्षं सोळा सांगत होतो."

मग आचाऱ्याने आपला खरा आकडा सांगितला आणि पाठोपाठ एकेकाने. कुणाची गरज किती हे आता दिसत होतं, म्हणून कुठे कापायचं हेही कळलं. निम्म्यात भागवून दहा दिवसांचं पाणी वीस दिवस पुरलं. पण पाऊस तीन दिवस उशिरा आला. संशयात घालवलेल्या दहा दिवसांतलं थोडं जरी वाचलं असतं, तरी ते तीन दिवस सहज निघाले असते.

किल्लेदाराची लेक वाचली, बाळही वाचलं. पण त्या तीन दिवसांत पागेतले चौदा घोडे तहानेने मेले. पागेवाला रिकाम्या दाव्यांपाशी बसून रडला. "सोळा मागत होतो तेव्हा सगळे जगले," तो म्हणाला, "आणि खरे आठ सांगितले तेव्हा द्यायला पाणीच उरलं नव्हतं."

तेव्हापासून काठी दाराबाहेर टांगलेली असते. किल्लेदार रोज आकडा सांगतो, तरी लोक येऊन स्वतः बुडवून बघतात. त्याला त्याचा राग येत नाही, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. एकदा उडालेला विश्वास रोज मोजूनच परत येतो.

तात्पर्य: जिथे खरं सांगणाऱ्याचं नुकसान होतं, तिथे खरा आकडा टिकत नाही.