पंतांची नजर थांबते कुठे?

एका राजधानीत विसाजी नावाचा एक अर्जवाचक होता. राजाकडे रोज गावोगावचे अर्ज येत. ते वाचायचे आणि प्रत्येकाचं सार दोन ओळींत लिहून राजापुढे पाठवायचं, हे त्याचं काम. विसाजी दूरच्या खेड्यातून नुकताच आला होता. शहरात त्याचं कुणी नव्हतं. कचेरीतले बाकीचे चौघे कारकून दिवसाकाठी तीस-तीस अर्ज हातावेगळे करत. विसाजीचे दहा होईतो ऊन कलायचं. चौघे गप्पा मारत घरी जात आणि हा उरलेल्या कागदांवर वाकून बसे. त्याला कुणी वाईट बोलत नसे. कुणी बोलतच नसे.

कचेरीचे प्रमुख होते अंताजीपंत. दुपारच्या आत ते शंभर अर्ज वाचत, आणि त्यांची चूक कधी निघत नसे. एके दिवशी धीर करून विसाजीने विचारलं, "पंत, इतकं भरभर कसं वाचावं?"

"अक्षरं वाचू नका. कागद वाचा."

"वा!" म्हणून चौघांनी माना डोलावल्या. विसाजीनेही डोलावली.

मग तो कागदाकडे टक लावून बसला. नुसती काळी शाई दिसली. आठवड्याने त्याने पुन्हा विचारलं. "नजर सैल सोडा," पंत म्हणाले. "पाण्यासारखी वाहू द्या." त्याने नजर सैल सोडली, तर ओळच हरवली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पंत हसले. "अहो, ते आपोआप जमतं!" चौघेही हसले.

त्यानंतर विसाजीने विचारणं सोडलं. सगळ्या जगाला उमगलेली गोष्ट आपल्या एकट्याच्याच डोक्यात शिरत नाही, असं त्याला वाटू लागलं. खोलीवर गेला की तो आईला पत्र लिहायला बसे आणि 'सर्व कुशल' एवढंच लिहून कागद मिटे.

शेवटी एकदा त्याचा धीर सुटला. प्रत्येक अर्जाची पहिली ओळ पाहायची, शेवटची पाहायची आणि मधलं अंदाजाने लिहायचं, असा त्याने सपाटा लावला. संध्याकाळपर्यंत तीस झाले. निंबाजी नावाच्या कारकुनाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास, विसाजी! चला आज आमच्याबरोबर." चार महिन्यांत कुणी त्याला नावाने हाक मारली ती हीच पहिली.

विसाजीने जोडा पायात घातला. उंबऱ्याशी आला, आणि ओझरता दिसलेला एक शब्द त्याला टोचू लागला. 'कुजला.' काय कुजलं होतं? तो मागे फिरला आणि अर्ज शोधून काढला. कोंडघाटच्या साळू नावाडणीचा होता. 'नावेचा तळ कुजला आहे. जत्रेची माणसं या नावेतून नेऊ नयेत, असा हुकूम व्हावा.' विसाजीने सार लिहिलं होतं, 'नवी नाव मागते. जत्रेनंतर पाहावे.' जत्रा परवावर आली होती.

दारात चौघे वाट पाहत होते. तेवढा एक अर्ज गुपचूप बदलता आला असता. पण मग बाकीच्या एकोणतीस अर्जांत काय होतं? विसाजी तो कागद घेऊन पंतांपुढे जाऊन उभा राहिला.

"पंत, आजचा माझा एकही अर्ज राजापुढे पाठवू नका. मी ते वाचलेलेच नाहीत."

पंतांनी कोंडघाटचा कागद पाहिला आणि आधी नाव थांबवायला स्वार पिटाळला. मग ते कडाडले, "मी तुम्हाला तीनदा शिकवलं ना?"

"शिकवलंत. मला कळलं नाही. पहिल्या दिवशीही कळलं नव्हतं. मी नुसती मान हलवली."

"मग आता आणखी काय सांगू?"

"काही सांगू नका. माझ्यासमोर वाचा."

पंत वाचू लागले. विसाजी समोर बसून त्यांच्या डोळ्यांकडे पाहत राहिला. राजाच्या पदव्या, नमस्कार, आशीर्वाद यांवरून नजर सरकन गेली. 'विनंती विशेष' आलं, म्हणजे खरं मागणं सुरू झालं, तिथे ती थांबली. तिथून पुढे ती एकेका शब्दावरून हळूहळू चालली.

"पंत, वरचं अर्धं पान तुम्ही वाचतच नाही. 'विनंती विशेष'च्या पुढचं मात्र माझ्याइतकंच सावकाश वाचता."

पंतांनी कागद खाली ठेवला. "तीस वर्षं झाली," ते हळूच म्हणाले. "हे मलाच ठाऊक नव्हतं."

दारातून निंबाजी खालच्या आवाजात म्हणाला, "पंत, तुमचं म्हणणं आम्हालाही कधी कळलं नव्हतं."

"मग तुमचे रोजचे तीस?"

"पहिली ओळ आणि शेवटची," निंबाजी म्हणाला. "मधलं अंदाजाने."

दुसऱ्या दिवशी राजाची क्षमा मागून मागचे सगळे गठ्ठे परत आणले. पाचही जण ते पुन्हा वाचायला बसले. विसाजी पुढे दिवसाला वीस अर्जांपर्यंत पोचला, त्यापलीकडे कधी गेला नाही. पण एका गोष्टीचं त्याला राहून राहून नवल वाटे. चार महिने एकाच खोलीत पाच माणसं न कळलेलं लपवत बसली होती, आणि पाचही एकेकटी.

तात्पर्य: कळलं नसताना डोलावलेली मान आपल्याला एकटं पाडते आणि दुसऱ्याला बुडवते. मोघम सल्ल्यापुढे 'मला कळलं नाही' असं म्हणायला लाजू नये. आणि शिकवणाऱ्याने आपण नेमकं काय करतो, हे आधी स्वतः पाहावं.