कपाटातले उमराव

"मी बसलेला असेन, पण राजाला उभा दिसेन, असे काहीतरी घडव! नाहीतर तुझ्या नावाचा शिक्का भट्टीत वितळवीन!"

पॅरिसमधल्या गास्पारच्या कारखान्यात उमराव बोर्व्हाल गरजत होते. त्यांची अडचण खरी होती. राजा त्यांच्या हवेलीवर मेजवानीला यायचा होता. राजासमोर बसण्याचा मान मोजक्या घराण्यांना असे आणि बोर्व्हाल त्यांत नव्हते. वाताने सुजलेले त्यांचे पाय मात्र दरबारी रीत जाणत नव्हते!

गास्पारने टोपी काढली. "सरकार, मी कपाटे करणारा. खुर्च्या करणारे कारागीर वेगळे. त्यांच्या कामाला हात लावला, तर कारागीर-संघाचे पंच माझा कारखाना बंद करतील."

"मग खुर्ची करू नकोस! पण मला बसव!"

उमराव गेले. गास्पार डोक्याला हात लावून बसला. नावाच्या शिक्क्यावाचून त्याची एक फळीही विकली जाणार नव्हती. त्याची मुलगी क्लोतिल्द सरस ढवळता ढवळता हसली.

"बाबा, खुर्ची करू नकोस असं त्यांनीच सांगितलं ना? मग आपण आपलंच काम करू!"

मेजवानीच्या दिवशी दालनात सोनेरी नक्षीचे, बिनदाराचे उंच कपाट होते आणि त्यात बोर्व्हाल ताठ उभे दिसत होते. राजा कौतुकाने जवळ गेला आणि थबकला. उमरावांच्या घोळदार अंगरख्याआड एक फळी होती. सारा भार तिच्यावर!

"बोर्व्हाल! आमच्यासमोर बसलात?"

उमरावांनी तत्काळ भिंतीशी उभ्या बापलेकींकडे बोट दाखवले. "यांनी बसवले, महाराज!"

गास्पार पांढराफटक पडला. क्लोतिल्द पुढे झाली.

"महाराज, बाबांना आसन करण्याची मनाई आहे, तीही आपल्याच फर्मानाने. पंचांनी हे तपासून कपाट म्हणून संघाचा शिक्का मारला आहे. याला आसन म्हटलं, तर फर्मान खोटं पडेल!"

"असे? मग उमराव आत काय करताहेत?"

"कपाटात कोणी बसत नाही, महाराज. कपाटात वस्तू ठेवतात. शोभेच्या, फारशा कामी न येणाऱ्या!"

राजाचे ओठ थरथरले. "म्हणजे यांना इथे ठेवले आहे?"

"होय महाराज. अधूनमधून धूळ तेवढी झटकावी लागेल!"

राजा पोट धरून हसला. गास्पारला त्याने तिथेच राजवाड्याचा कारागीर नेमले आणि डोळे पुसत पहिले काम सांगितले:

"आमच्या सगळ्या मंत्र्यांसाठी अशीच कपाटे करा! फळ्या जरा रुंद ठेवा!"