पिवळी घंटुली

"एखादी गोष्ट फक्त आपल्याच जवळ असावी असं वाटणं... पाप आहे का हो, आबा?"

पोतनीस कुटीच्या दारात उभा होता. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, डोळे लाल.

आबा महाराज शेगडीपाशी डोळे मिटून बसले होते. जागे होते की झोपले होते, कळायला मार्ग नव्हता.

"काय झालं?"

"पिवळी गेली."

कुमाऊंच्या डोंगरातली ही कुटी. आबा मूळचे वाईकडचे, कधीकाळी इकडे आले आणि राहिले. पोतनीस साताऱ्यातली चालती वकिली सोडून त्यांच्यामागे आला. सगळं सोडलं, असं तो आल्यागेल्याला सांगायचा. पण कुटीखालच्या एका इंग्रज साहेबाच्या ओसाड बंगल्याच्या आवारात त्याला स्नोड्रॉपची फुलं दिसली आणि सोडलेलं सगळं त्या फुलांच्या वाटेने परत आलं.

आबा त्या फुलाला घंटुली म्हणत. वीतभर उंची, मान खाली, पांढरंशुभ्र. बर्फ वितळायच्या आत बर्फातूनच वर येतं. लांबून पाहिलं तर सगळ्या घंटुल्या सारख्या. बोटाने हनुवटी उचलून आत पाहिलं की मात्र आतल्या पाकळीवरची हिरवी खूण एकीची दुसरीला मिळत नाही.

पोतनीसाला वेडच लागलं. डोंगरामागून डोंगर हिंडून, पडक्या बंगल्यांच्या बागा धुंडाळून त्याने एकेक कंद आणला. एकीची खूण झुपकेदार मिशीसारखी, ती 'हवालदार'. एकीच्या पाकळ्या मोजता येत नाहीत, ती 'नऊवारी'. ऐन पौषातच तोंड वर काढते ती 'आगाऊ'. एकीला मधाचा वास येई, पण भर दुपारी ऊन पडलं तरच. त्या वासासाठी हा वकील गोणपाटावर पालथा पडून उन्हाची वाट बघायचा. आबाही शेजारी येऊन बसत. दोघं तासन्‌तास बोलत नसत.

खरं सांगायचं तर, त्या दिवसांत त्याच्याइतका सुखी माणूस त्या डोंगरात दुसरा नव्हता.

आणि मग पिवळी सापडली. इतरांना जिथे हिरवी खूण, तिथे हिला हळदीचं बोट. एका पडलेल्या भिंतीखाली मिळाली, पुन्हा कुठेही दिसली नाही. तिला वेगळा वाफा, भोवती जाळी. कुणी एखादा कंद मागितला की पोतनीस गोड हसून म्हणे, "पुढच्या वर्षी."

अशी बरीच पुढची वर्षं गेली.

"पावसाने कुजू नये म्हणून यंदा वर काच घातली होती," पोतनीस म्हणाला. "काचेखाली ओल कोंडली. आज उकरून बघितलं... सगळ्या कंदांचा लगदा झालाय. जपता जपता मीच मारली तिला. आता जगात ती कुठेच नाही, आबा."

आणि तो रडू लागला. भल्याभल्या साक्षीदारांना रडवलेला माणूस, पण उंबऱ्यात बसून लहान मुलासारखा रडला.

आबांनी कानटोपी घातली.

"चल."

"कुठे?"

आबा चालू लागले होते.

वाटेवर धुकं होतं. उतारावर बर्फ कुठे संपतो आणि फुलं कुठे सुरू होतात, ते कळत नव्हतं. कुठेतरी पाणी सुटल्याचा आवाज येत होता. पोतनीसाला वाटलं, आपण चालतच नाही, उभे आहोत आणि डोंगरच हळूहळू मागे सरकतोय. त्याने एकदा आबांच्या उपरण्याचं टोक धरलं.

खालच्या वळणावर परुली आमाचं घर. म्हातारी अंगणात लोकर विंचरत बसली होती. कठड्यावर गंजका तेलाचा डबा, आणि डब्यात घंटुल्यांचा दाट झुबका.

पोतनीस सवयीने गुडघ्यांवर बसला. सवयीने एकीची हनुवटी उचलली.

हळदीचं बोट.

त्याने दुसरी उचलली. तिसरी उचलली.

"ही... इथे कशी?"

"मी आणली," आबा म्हणाले.

"कुठून?"

"तुझ्या वाफ्यातून. दोन-तीन वर्षं झाली. तू नदीवर आंघोळीला गेला होतास."

"चोरून?"

"चोरून."

"आबा, तुम्ही? मला नुसतं मागितलं असतंत, तर मी..."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं.

पोतनीसाची मान खाली गेली.

"...पुढच्या वर्षी, म्हणालो असतो."

रागवावं की पाय धरावेत, त्याला सुचेना. शेवटी त्याने दोन्ही केलं. पाय धरले आणि पायांवर डोकं ठेवूनच पुटपुटला, "हे बरं नाही केलंत, आबा."

आबांच्या पोटातून हसू आलं, ते त्याला पायांपर्यंत जाणवलं.

परुली आमाला मराठीतलं अक्षरही कळत नव्हतं. हा माणूस फुलासाठी रडतोय, एवढं मात्र कळलं. ती उठली. डब्यात हात खुपसला आणि मुळापानांसकट अर्धा झुबका सरळ उपटला. या फुलांना पोतनीस स्वतः चमच्याखेरीज हात लावत नसे.

आमाने तो झुबका त्याच्या ओंजळीत ठेवला.

"ले जा, बेटा. और आ जाएँगे."

ओंजळीतून माती गळत होती आणि तो तसाच उभा होता. मग आबा निघाले म्हणून तोही निघाला.

चढावर धुकं आणखी दाट झालं. पुढे चालणारे आबा आधी धूसर झाले, मग दिसेनासे झाले. त्यांच्या काठीचा आवाज तेवढा येत राहिला.

"आबा," त्याने हाक मारली. "काच नाही घालणार आता. जाळीपण नको. पण सांगा ना... कुठे लावू म्हणजे सुरक्षित राहील?"

काठी थांबली.

धुक्यातून आबांचा आवाज आला.

"चोराला सहज सापडेल, अशा जागी."