थिनरची परीक्षा

एके काळी, बाजारात कधीच न आलेल्या, संगणकाच्या नमुना-प्रोसेसरांना संग्राहकांमध्ये मोठा मान होता. त्यांची पारख करणाऱ्या वझलवारांच्या टेबलावर असे दोन प्रोसेसर आले. एकावर तो घडवणाऱ्या बाईंनी चाचणीच्या दिवशी पेनाने क्रमांक लिहिला होता. दुसरा साधाच, विकणाऱ्याने त्याची पाठ घासून ‘नमुना’ असं कोरून घेतलं होतं.

वझलवारांनी थिनरमध्ये कापूस बुडवला. “पुसलं जाईल ते खोटं,” ते म्हणाले.

“साहेब, माझ्यावर हाताने लिहिलंय. पुसू नका,” पहिला म्हणाला.

“कर नाही त्याला डर कशाला?” दुसरा म्हणाला.

पहिल्याचा क्रमांक पुसला गेला. दुसऱ्याचं एक अक्षर हललं नाही, तो मखमलीच्या पेटीत जाऊन बसला.

पहिला कचऱ्याच्या डब्यात पडला. शेजारीच कापसाचा बोळा होता; बाईंच्या हातची निळी शाई त्याला लागलेली होती.