खारीची गुहेतली शर्यत

सागाच्या एका दाट जंगलात एक खार राहत असे. चपळ म्हणजे किती? डोळ्याचं पातं लवेपर्यंत गायब! पण बालमित्रांनो, तिला एक खोड होती. चार पावलं पळायची, की थांबायची. मान वर करायची, शेपूट झटकायची, इकडे पाहायची, तिकडे पाहायची आणि मगच पुढे निघायची.

पावसाळ्यात माळावर चिखल होई, म्हणून त्या जंगलातली धावण्याची शर्यत डोंगरातल्या लांबलचक गुहेत भरत असे. एका फेरीत दोघांनी तोंडाशी उभं राहायचं, वानराने हूप केलं की सुटायचं आणि दुसऱ्या टोकाच्या दगडी भिंतीला पाय लावायचा. जिंकणारा पुढच्या फेरीत जाई आणि शेवटची फेरी जिंकणाऱ्याला गुहेतला कोरडा कोपरा पावसाळाभर राहायला मिळे. तो दरवर्षी ससाच पटकावी. खारीची ढोली मात्र गळकी. मागच्या पावसाळ्यात तिच्या साठवलेल्या बियांना बुरशी आली आणि पिल्लं शिंकून शिंकून हैराण झाली. तेव्हा तिने ठरवलं, काही झालं तरी यंदा आपण पळायचंच.

ती गेली टिटवीकडे. माळावर टिटवीइतकं तुरुतुरु पळणारं आणि टिटवीइतकं ओरडणारं दुसरं कुणी नव्हतं.

"मावशी, मला शर्यतीचं पळणं शिकवा."

"पळून दाखव बघू," टिटवी म्हणाली. खार पळाली, थांबली. पळाली, थांबली. टिटवीने कपाळावर पंख मारून घेतला. "अगं बये, ही शर्यत आहे की देवदर्शन? जागोजागी काय थांबतेस?"

"घार आली का ते बघते, मावशी."

"गुहेत घार कुठून येईल?"

"तेच तर बघते!"

बराच विचार करून टिटवी म्हणाली, "आजपासून आभाळ माझ्याकडे. घार दिसली तर मी ओरडेन. मी ओरडले नाही, तर थांबायचं नाही. कळलं?"

खारीला ते पटलं, पण तिच्या पायांना पटायला फार वेळ लागला. सुरुवातीला ती मधेच थांबून टिटवीलाच विचारी, "मावशी, घार नाही ना?" टिटवी चिडून ओरडे, आणि टिटवी ओरडली म्हणून खार झुडपात दडून बसे! असा सगळा सावळा गोंधळ. तरी दोघींनी नेट सोडला नाही. हळूहळू खारीचं थांबणं कमी होत गेलं.

शर्यतीचा दिवस आला. पहिल्या फेरीत खारीविरुद्ध मुंगूस होतं. अर्ध्यावर खारीची मान सवयीने वर झालीच आणि ती थांबली. पण नशीब बघा, मुंगसाला वाटेत एक बीळ दिसलं आणि ते त्यात डोकं घालून बसलं! खार कशीबशी पुढच्या फेरीत गेली.

ससा फिदीफिदी हसला. "खारूताई, आता घोंगडी घेऊनच या. मधे विसावा घ्यायला बरी!" खारीला ते फार लागलं.

शेवटची फेरी. वानराने हूप केलं आणि ससा सुसाट सुटला. खार मागे. अर्ध्यावर तिची मान पुन्हा शिवशिवली. तिने कान टवकारले. गुहेच्या तोंडाशी टिटवी चोच घट्ट मिटून उभी होती. म्हणजे घार नाही! खारीने मान खाली घातली आणि जीव खाऊन पळाली.

समोर भिंत आली. सशाने एकदा त्याच भिंतीवर नाक आपटून घेतलं होतं, त्यामुळे तिथे पोचताना तो दरवेळी पाय आवरते घेई. आताही त्याने घेतले. खारीला मात्र भिंतीशी थांबायचं असं कुणी सांगितलंच नव्हतं. ती सशाला मागे टाकून थेट भिंतीवर चढली आणि सरसर छतापर्यंत गेली! तिथून उलटं लोंबकळत तिने विचारलं, "मावशी, आता थांबू का?"

"थांब गं माझी बाई, थांब!" टिटवीचे डोळे भरून आले.

ससा तणतणला, "हे चालणार नाही! भिंतीला फक्त पाय लावायचा होता."

"मग?" वानर म्हणाला. "तिने चारही लावले."

त्याच संध्याकाळी खारीने आपली पिल्लं एकेक करून कोरड्या कोपऱ्यात आणली. त्या पावसाळ्यात एकही पिल्लू शिंकलं नाही.

तात्पर्य : आपली काळजी ज्याने स्वतःच्या अंगावर घेतली आहे, त्याच्यावर विश्वास टाकून जीव ओतून धावावे, मग समोरची भिंतही आड येत नाही.