शेवंताकाकूंची वेळ

“पण मी चुकले कुठे, ते तरी सांगा!”

मधुरा वाघचौरेने हे तिसऱ्यांदा विचारलं. तिला शिकवणाऱ्या मुजावर मॅडम दारात उभ्या होत्या.

विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाचं ते सराव-केंद्र. एम.ए.ची पोरं तिथं माणसांचं दुःख ऐकायला शिकतात. फुकट असतं, म्हणून गावोगावची बायामाणसं येतात. मधुरा वर्गात पहिली. हुशार होती, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. इथंच घोडं पेंड खात होतं.

केंद्राचा एक नियम होता. माणूस आला नाही, तरी त्याची पन्नास मिनिटं त्याचीच. शिकणाऱ्याने खोलीत बसून राहायचं. पुस्तक नाही, मोबाईल नाही.

दर मंगळवारी मधुराकडे येणाऱ्या शेवंताकाकू आजचा धरून तीन मंगळवार आल्या नव्हत्या.

मधुराने कागद पुढे केला. “तीन गैरहजेऱ्या झाल्या. फोनही उचलत नाहीत. फाईल बंद करायला तुमची सही लागते.”

“शेवटी काय म्हणालीस त्यांना?”

“म्हणायला हवं तेच! मुलगी घर सोडून गेली, त्याला चार वर्षं झाली. फोन नाही, निरोप नाही. आणि ह्या रोज दुपारी एसटी स्टँडवर जाऊन बसतात. साताऱ्याची गाडी रिकामी होईपर्यंत. म्हटलं, काकू, ती येणार नाही. उठा आता तिथून. स्वतःचं बघा.”

“मग?”

“मान डोलावली. पदर सावरला. गेल्या.”

“आणि तू?”

“मी काय... नोंदी पूर्ण केल्या. मला वाटलं, पटलं त्यांना.”

पटलं म्हणे! असलं कुठल्या आईला पटतं?

बाहेर चपला वाजल्या. मधुरा अर्धी उठली. केसांवरून हात फिरवला. चपला खोलीवरून पुढे गेल्या, जिना उतरून विरल्या.

“कोण होतं?” मॅडमनी मागे न वळताच विचारलं.

“कुणी नाही.”

“मग उठलीस कशाला?”

मधुरा खाली बसली. म्हणाली, “काकूंच्या रबरी चपला आहेत. असाच आवाज येतो...”

“तिन्ही मंगळवारी असंच उठलीस?”

“मंगळवारचं काय घेऊन बसलात, मॅडम! काल कँटीनपाशी एक बाई पाठमोरी दिसली. हातातला चहा टाकून धावले...” तिचा आवाज बारीक झाला. “दुसरीच निघाली.”

मॅडम आत आल्या. कागद घेतला, पेन उघडलं.

“बरं. त्या येणार नाहीत. ऊठ आता. पुढच्या माणसाचं बघ.”

मधुरा हलली नाही.

“ऊठ की!”

“अजून बारा मिनिटं आहेत, मॅडम...”

हीच पोरगी महिन्यापूर्वी या नियमाला खुळचटपणा म्हणत होती, तेही चारचौघांत. आता तिचे डोळे भरले होते आणि दारावरून हटत नव्हते.

मॅडमनी पेन मिटलं. कागद बिनसहीचाच राहिला.



“मग काकूंना मी म्हणायला काय हवं होतं?” मधुराने विचारलं. या वेळी आवाजात ऐट नव्हती. खरंच विचारत होती.

समोर काकूंची खुर्ची रिकामी होती. मॅडम तिकडे वळल्यासुद्धा नाहीत. मधुरा बसली होती त्या बाकड्यापाशी आल्या आणि तिच्यासारखंच दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“सरक जरा.”