ओहोळबाबांचा मार्च

“पण बाबा, तो मार्च मला शिकवणार कधी?”

उपेंद्र जामखेडकरने हे तिसऱ्या रविवारी तिसऱ्यांदा विचारलं.

बेकरीच्या पडवीत खुर्चीवर बसलेल्या दानियल ओहोळांनी बटर चहात बुडवला आणि तसाच धरला. वय त्र्याऐंशी. चाळीस वर्षं याच बेकरीची भट्टी सांभाळलेली. हात थरथरायचा, पण बटर कधी मोडून कपात पडला नाही.

“तुझा माणूस कुठंय?” बाबा म्हणाले.

“कोण माणूस?”

“तू शिकवलेला.”



भिंगारच्या त्या बेकरीच्या पडवीत दर रविवारी दुपारी सात-आठ जण जमत. भट्टी निवत आलेली असे. माणसं बँजो घेऊन सतरंजीवर बसत. मिरवणुकीतला बटणांचा बँजो नव्हे. हा गोल, चामड्याने मढवलेला, लांब दांडीचा. तारा पाच. पाचवी तार आखूड आणि अंगठ्याची. पत्ती नाही, नखी नाही, नुसती बोटं. छावणीच्या बँडातल्या एका म्हाताऱ्या वादकाने तरुणपणी बाबांना हे वाद्य दिलं होतं. बाबांनी ते भिंगारला दिलं.

तिथला रिवाज एकच. घेतलेली चाल दुसऱ्याला शिकवायची, आणि त्या दुसऱ्याने ती सगळ्यांसमोर वाजवायची. ज्याचा माणूस वाजवील, त्याला पुढली चाल मिळे. परीक्षा शिकवणाऱ्याची असे, शिकणाऱ्याची नव्हे.

उपेंद्रला या रिवाजाची गरजच पडली नव्हती. तो कंपनीत इंजिनियर. कॉलेजपासून गिटार वाजवलेली. समोरच्याची बोटं बघायची, दोन दिवस घरी बसायचं, चाल हातात. दीड वर्षात त्याने बैठकीतल्या सगळ्या चाली अशाच उचलल्या. त्याच्याइतकं जलद कोणी वाजवत नव्हतं, आणि हे त्याला ठाऊक होतं.

मार्च, म्हणजे कवायतीच्या ठेक्यावरची बाबांची ती चाल, तेवढा उचलता येत नव्हता. बाबा तो बैठकीत वाजवतच नसत. पूर्वी पहाटे पीठ फुगेपर्यंत भट्टीपाशी बसून एकटेच वाजवायचे म्हणे.

“काय वाजवायचे!” बैठकीतले रावसाहेब भांड सांगत. एस.टी.तले रिटायर कंडक्टर. “पहिल्या गाडीच्या ड्यूटीला निघालो की ऐकू यायचं. पण अर्धंच. गाडी सोडायला डबल बेल कोण मारणार, तुझा बाप?”

मार्च कागदावर नव्हता. बाबांखेरीज तो कोणाला येत नव्हता. आणि बाबांचा हात दिवसेंदिवस जास्त हलत होता. उपेंद्रला रात्रंदिवस तेच दिसायचं.

“बाबा, खरं बोलू का? रागावू नका. उद्या तुम्ही नसलात तर मार्च गेला.”

“तर.”

“मग रिवाज धरून काय बसलात? या सगळ्यांत तो पेलणारा हात माझा आहे.”

रावसाहेब खोकले. बाबांनी बटर खाल्ला. कप खाली ठेवला.

“एक माणूस आण. एक चाल वाजवू दे त्याला. मार्च तुझा.”

“आमच्या कंपनीत एक जण आहे. गिटार उत्तम वाजवतो. महिन्याभरात...”

बाबांनी बोट वर केलं आणि रस्त्यापलीकडे दाखवलं.

रस्त्यापलीकडे शेवंता गाडेचा चहाचा गाडा होता. शेवंता चार बोटांत चार ग्लास अडकवून उभी होती आणि एका ट्रकवाल्याला झापत होती.

“ती?” उपेंद्र म्हणाला.

“ती.”

“बाबा, थट्टा करताय का?”

बाबा डोळे मिटून बसले. विषय संपला.

उपेंद्रने गाड्यावर जाऊन बँजोचं काढलं, तेव्हा शेवंता एवढी हसली की पातेल्यातलं दूध उतू गेलं.

“मी? बँजो? अवो सर, माझ्या बोटांनी आत्तापर्यंत आलं कुटलंय फकस्त.”

“बाबांनी सांगितलंय.”

तिचं हसू थांबलं. तिने पदराला हात पुसले. एकदा, परत एकदा.

“बाबांनी नाव घेतलं माझं?”

“हो.”

“मग आणा की तो इकडं. बघताय काय!”

रोज दुपारी गिऱ्हाईक तुटलं की तासभर शिकवायचं ठरलं. उपेंद्रने सगळ्यांत सोपी चाल निवडली. घरी बसून कागद तयार केला. कुठली तार, कुठलं बोट, सगळं रंगीत पेनांनी. चौथ्या दिवशी त्या कागदात एक ट्रकवाला भजी खात होता.

“शेवंताबाई!”

“मला मेलीला त्या चौकटी कळत न्हाईत, सर. त्यानं भजी मागितली, मी दिली. तोंडानं सांगा ना.”

“तोंडाने कसं सांगणार?”

“म्हणून दावा.”

उपेंद्र आयुष्यात कोणासमोर गायला नव्हता. शाळेत प्रार्थनेलासुद्धा नुसते ओठ हलवायचा. त्याने इकडेतिकडे पाहिलं. बाकावर तीन ड्रायव्हर, एक पोस्टमन.

“डिंग... टिडिंग... टक,” तो हळूच म्हणाला.

“आं? ऐकू येत न्हाई.”

“डिंग टिडिंग टक!”

“वा रं पठ्ठे!” पोस्टमन म्हणाला.

शेवंताने ते तसंच्या तसं म्हणून दाखवलं. सूर नेमका. बोटं मात्र ऐकेनात. पहिलं बोट गेलं की दुसरं त्याच्या मागोमाग जायचं, बैलजोडीसारखं. अंगठा तर वरच ताठ राहायचा. शिवाय तिचे प्रश्न. उपेंद्रला कोणी असले प्रश्न विचारले नव्हते.

“सर, हे बोट आधी का?”

“ते... तसंच असतं.”

“का पण?”

उपेंद्रला सांगता येईना. तो घरी गेला. बँजो मांडीवर घेऊन तासभर तीच जागा वाजवत बसला. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाला, “ते बोट आधी, कारण दुसऱ्याला पुढे लांब जायचंय. त्याला आधीच मोकळं ठेवायचं.”

“हां. ग्लास उचलताना करंगळी सोडते मी, तसं.”

“तसंच!” उपेंद्र ओरडला. ड्रायव्हर दचकले.

असे चार महिने गेले. कंपनीत दुपारी उपेंद्र सर कुठे जातात याची चर्चा झाली. गाड्यावर मात्र त्याला सगळे ओळखू लागले. तो आला की पोस्टमन म्हणायचा, “आले डिंगटिडिंग.” पहिल्यांदा उपेंद्रला राग आला. मग येईनासा झाला. एक दिवस शेवंताने अख्खी चाल न अडखळता वाजवली, तेव्हा त्याने बाकावरच्या सगळ्यांना चहा सांगितला आणि तो चहा गाळायलाही स्वतःच उभा राहिला. चहा फार वाईट झाला होता. सगळ्यांनी प्याला.

शेवंताने वाजवायचा रविवार श्रावणातला निघाला. हवा ओली. बँजोचं चामडं सैल पडून आवाज ढबढब येऊ लागला. रावसाहेबांनी सगळे बँजो भट्टीच्या तोंडाशी उभे करून शेकले, आणि मग माणसं बसली.

शेवंता सतरंजीवर आली ती नवं लुगडं नेसून. गाडा त्या दिवशी पोस्टमन सांभाळत होता.

“सर, चुकलं तर?”

“तर मी चुकलो,” उपेंद्र म्हणाला. स्वतः वाजवताना त्याला चुकायची भीती कधी वाटली नव्हती.

शेवंताने वाजवलं. सुरुवात नीट झाली. मध्ये एके ठिकाणी बोट घसरलं. ती थांबली नाही. घसरलेला तुकडा तोंडाने म्हणून तिने पुढली तार पकडली आणि शेवटपर्यंत गेली. उपेंद्रच्या मांडीवर त्याची बोटं तिच्याबरोबर हलत होती. त्याला ते कळलंही नाही.

टाळ्या झाल्या. रावसाहेबांनी बटरचा पत्र्याचा ट्रे बडवला.

“घसरली की मधी!” रावसाहेब म्हणाले.

“तुमची एस.टी. कधी घसरली न्हाई का?” शेवंता म्हणाली. पडवी हसली.

बाबांनी मान हलवली. मग स्वतःचा बँजो मागितला.

उपेंद्र सरसावून पुढे बसला. इतके महिने ज्याची वाट पाहिली, ते आता हातात येणार होतं.

बाबांनी बोटं ठेवली. तारेवर हात स्थिर झाला.

मार्च सुरू झाला. दमदार पाऊल टाकत चालणारी ती चाल. अंगठा ठोका देतोय, वर दोन बोटं नाचतायत. रावसाहेबांचा पाय आपोआप हलू लागला. उपेंद्र एक-एक बोट डोळ्यांनी टिपत होता. पहिला भाग संपला. दुसरा सुरू झाला...

बाबा थांबले.

मागे गेले. दुसरा भाग पुन्हा सुरू केला. त्याच जागेवर थांबले.

तिसऱ्यांदाही.

बाबांनी तारांवर पंजा ठेवला.

“पुढलं गेलं,” ते म्हणाले.

“गेलं म्हणजे?” उपेंद्रचा आवाज चढला. “आत्ता आठवत नाही, की...”

“दोन वर्षं झाली.”

भट्टीत एक निखारा फुटला.

“दोन वर्षं! म्हणजे मी आलो त्याच्या आधीपासून?” उपेंद्र उठून उभा राहिला. “मग मला झुलवत कशाला ठेवलंत? माणूस आण म्हणालात. आणला. चार महिने रस्त्यावर बसून गळा काढला मी. आणि देण्यासारखं तुमच्याकडे नव्हतंच?”

बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

उपेंद्रचा चेहरा पडला. राग होता, पण त्याच्याखाली दुसरंच काही होतं. चाल मेली होती. ती त्याला मिळाली नव्हती, आणि आता कोणालाच मिळणार नव्हती.

“पण बाबा...” शेवंता म्हणाली. “तिथनं ते खाली उतरतं न्हाई का?”

“काय?” उपेंद्र म्हणाला.

“उतरतं. आन मग दोनदा वर बघतं. असं...”

तिने म्हणून दाखवलं. डिंग डिडिडिंग, टक टिडिंग. एक ओळ. दुसरी. तिसरी. कुठे अडली नाही. पार शेवटपर्यंत गेली, आणि शेवटच्या ठोक्याला स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली.

रावसाहेब तोंड उघडं टाकून बसले होते.

“बाई, तुला कुठनं ठावं?”

“बारा वर्षं पहाटे स्टोव्ह पेटवतेय मी समोर. कान काय घरी ठेवून येऊ? बाबांसंगं मी गुणगुणायचे, बाबा ऐकायचे.”

“शेवंताबाई,” उपेंद्र म्हणाला, “चार महिने मी तुमच्यापुढे मार्च मार्च करतोय. बोलल्या का नाहीत?”

“तुम्ही मला इचारलं कुठं? तुम्ही बाबांना इचारत होता. आन माझ्याकडं नुसता आवाज. बोटं कुठं होती माझ्याकडं?”

उपेंद्र मटकन खाली बसला. तिच्या समोरच. आणि हसायला लागला. थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं.

“म्हणा,” तो म्हणाला. “उतरतं तिथून म्हणा.”

ती म्हणाली. त्याने तारा शोधल्या. चूक झाली. ती परत म्हणाली. त्याने चटकन पकडलं आणि सवयीने मध्ये दोन सूर जास्तीचे घातले.

“अं हं. ते तुमचं. बाबांचं न्हवं.”

“काढतो.”

“काढताय कुठं? बोट लय वळवळतंय तुमचं. द्या इकडं.”

तिने बँजो ओढून घेतला. उपेंद्रने दिला. ती तोंडाने म्हणत होती, बोट तार शोधत होतं. सापडली की ती “हां” म्हणायची. सापडली नाही की उपेंद्र बोटाने दाखवायचा, “वरची, वरची.” तिचा सूर पक्का होता, त्याला दांडी पाठ होती. दोघांनी मिळून एकेक ओळ भिंगारच्या पडवीत परत आणली. एकदा भांडले. दोनदा हसले. रावसाहेबांनी ट्रेवर ठोका धरला.

अखेरीस शेवंताने दुसरा भाग सबंध वाजवला. ओबडधोबड, पण चालत गेला. थांबला नाही.

उपेंद्र घामाने भिजला होता. त्याने खुर्चीकडे वळून पाहिलं.

“बाबा, असंच होतं ना? बरोबर आलंय का?”

खुर्ची रिकामी होती.

बाबा खुर्चीवरून उतरले होते. एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हातात बँजो घेऊन ते सतरंजीवर आले. शेवंतासमोर मांडी घातली. गुडघे कुरकुरले, तरी घातली. बँजो मांडीवर घेतला आणि पाचव्या तारेवर अंगठा ठेवला.

“अगोबाई, बाबा, तुम्ही वर बसा ना,” शेवंता म्हणाली.

बाबांनी तिच्या बोटांकडे पाहिलं.

“हळू वाजव, बाई. मी नवा आहे.”